निळ्या पिशवीचा नंबर

हळूभाऊंचं दुकान बंद झालं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळलं की सामान आपलं आपण शोधून आणायचं असतं.

हळूभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. साखर तोलताना शेवटचे चार दाणे ते काट्यावर असे सोडायचे, जणू एकेकाला निरोप देतायत. अशा माणसापुढे रांगेत उभं राहणं कुणाच्याच पायांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्याही आधीपासून तिथे माणसांऐवजी पिशव्या रांगेत असायच्या. दुकानाबाहेर एक लांब बाकडं होतं. सकाळी आपली पिशवी शेवटच्या पिशवीमागे ठेवायची आणि घरी जाऊन कामं उरकायची. नंबर आला की हळूभाऊ हाक मारायचे, "निळी पिशवी." नाव घ्यायचे नाहीत. मग जायचं आणि काय हवं ते सांगायचं. कुणाची पिशवी पुढेमागे सरकवायची नाही, एवढा एकच कायदा होता. एका बाईनं तो एकदा मोडला होता. तिचं नाव मी आजही घेत नाही.

माझी पिशवी जुन्या पडद्याच्या जाड निळ्या कापडाची. एक बंद निळा, एक तपकिरी, कारण कापड तिथे संपलं. गल्लीत माझा चेहरा न ओळखणारी माणसं असतील, पण पिशवी सगळे ओळखायचे. ती बाकड्यावर दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी दार वाजवून विचारायचं, "बरं आहे ना?"

मग हळूभाऊंचे गुडघे गेले, दुकान गेलं आणि बाकडंही गेलं. नंतरचे काही आठवडे मी घरात जे होतं त्यावर काढले. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं. दार कुणी वाजवलं नाही. ते तरी कुठे बघणार होते माझी पिशवी?

वाजवलं ते माझ्या लेकीनं. ती परगावी एका शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. आली, पाणी प्यायली आणि सरळ स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत मीठ होतं, चहाची पूड होती आणि रिकामे डबे होते.

"आई, काल काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"चहा खातात का?"

"बरोबर बिस्कीट होतं."

"आणि परवा?"

"परवा दोन होती."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. वर्गाला गप्प करायच्या आधी ती तशीच उभी राहत असावी.

"खोली तयार आहे," ती म्हणाली.

ती खोली मी पाहिली होती. स्वच्छ, हवेशीर, पलंगही चांगला. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. पिवळी. भिंतीबद्दल माझी काही तक्रार नाही, भिंत चांगलीच आहे. पण उरलेलं आयुष्य तिच्याकडे बघत बसायचं, एवढी काही आमची ओळख नव्हती.

"मी इथेच राहणार," मी म्हटलं.

"काय खाऊन?"

शेवटी ठरलं ते असं: मोठ्या रस्त्यावर ते नवीन स्वस्त दुकान निघालंय, तिथे मी एकटीनं जायचं आणि आठवड्याचं सगळं सामान आणायचं. ती गाडीतच बसून राहणार. जमलं, तर खोलीचा विषय ती पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर घराला कुलूप.

गाडीत तिनं मला शिकवणी दिली. मी आतापर्यंत शाळेत न गेल्यासारखी.

"आई, ऐक. पिशव्या आपल्या न्यायच्या, ते देत नाहीत. गाडा साखळीनं बांधलेला असतो, त्यात नाणं घातलं की सुटतो. गाडा परत लावला की नाणं मिळतं."

"म्हणजे त्यांचा आपल्यावर विश्वास नाही."

"कुणावरच नाही, तुझ्या एकटीवर नाही असं नाही. पुढे. सामान खोक्यांतच ठेवलेलं असतं, फळीवर मांडत नाहीत. म्हणून तर स्वस्त. प्रत्येक गोष्ट एकाच प्रकारची मिळते, आपली नेहमीची नावं शोधत बसू नकोस."

"साबण एकच?"

"एकच."

"हे बरंय. हळूभाऊंकडे दोन होते, तर ते विचार करत बसायचे."

"गल्ल्यावर फार भराभर करतात. तिथे पिशवी भरत बसायचं नाही. सामान परत गाड्यात टाकायचं आणि मागच्या भिंतीला फळी आहे, तिथे जाऊन पिशव्या भरायच्या. आणि मधल्या रांगेत थांबू नकोस. तिथे दर आठवड्याला काहीतरी भलतंच स्वस्त असतं. माणसं पिठाला जातात आणि करवत घेऊन येतात."

"मी करवत घेणार नाही."

"तुझे जावई घेऊन आलेत. दोन."

सगळं सांगितलं तिनं. फक्त रांगेबद्दल काही सांगितलं नाही. रांगेत कसं लागायचं हे माणसाला सांगावं लागत नाही, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं.

आत गेले. जागा मोठी होती, पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. गल्ल्यापुढे एक लांब काळा पट्टा होता आणि त्याच्यापुढे आठ-दहा माणसं गाडे घेऊन ताटकळत उभी. तरणीताठी माणसं, पण कुणाला सुचलं नाही. मी माझी निळी पिशवी पट्ट्याच्या टोकाला शेवटच्या सामानामागे नीट ठेवली, आणि सामान घ्यायला गेले.

पीठ मिळालं. तेल मिळालं. साखर, चहा, डाळ, बटाटे, कांदे, साबण, सगळं खोक्यांत होतं आणि हात घातला की येत होतं. आपला हात जगन्नाथ. हे एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. गाड्याचं एक चाक मात्र डावीकडे ओढत होतं, त्यामुळे मला मधल्या रांगेत जावंच लागलं. तिथे घडीच्या खुर्च्या होत्या. एक उघडून ठेवली होती, लोकांनी बसून पाहावं म्हणून. मी बसून पाहिलं. नंबर यायचा होता, घाई कसलीच नव्हती.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. पट्टा सरकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी आपली आपण पुढे निघाली. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या नर्सबाई आत आल्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. त्यांनी पट्ट्यावर माझी पिशवी पाहिली. बाकडं इथे आलेलं दिसतंय, असं समजून त्यांनी त्यांची चौकड्यांची पिशवी तिच्यामागे ठेवली आणि डाळीकडे गेल्या. पाठोपाठ निवृत्त पोस्टमन आले. त्यांची खाकी पिशवी नोकरीतलीच आहे. तीही तिसरी लागली.

गल्ल्यावरच्या मुलीसमोर एकामागोमाग तीन रिकाम्या पिशव्या आल्या. तिनं पहिली उलटसुलट करून पाहिली. किंमत कुठेच नव्हती. मग तिनं मॅनेजरला बोलावलं.

मी खुर्चीत बसलेली असताना छतातून आवाज आला. "निळी पिशवी ज्यांची असेल, त्यांनी कृपया गल्ल्यावर यावं."

मला फार बरं वाटलं. दुकान नवीन असलं तरी माणसं रीतीची होती. मी उठले, गाडा घेतला आणि रांगेतल्या लोकांना "माझा नंबर आलाय" असं सांगत सांगत पुढे गेले.

मॅनेजर गळ्यात ओळखपत्र घातलेला, चेहऱ्यानं सज्जन माणूस होता.

"आजी, ही पिशवी तुमची?"

"हो. नंबर लावला होता."

"पण असा नंबर लागत नाही. रांगेत माणसाला उभं राहावं लागतं."

"का?"

त्यानं गल्ल्यावरच्या मुलीकडे पाहिलं. तिनं पट्ट्याकडे पाहिलं.

"माणूस उभा राहिला तर लवकर होतं का?" मी विचारलं.

"लवकर असं नाही होत."

"मग?"

मागून एकजण म्हणाला, "आजी, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?" हा प्रश्न माझा नव्हता. विचारलं त्यानंच होतं.

तोवर नर्सबाई डाळ घेऊन आल्या. "काय चाललंय? निळी पहिली, माझी दुसरी, खाकी तिसरी. ताईंच्या आधी माझी घ्याल तर मी येणार नाही."

"वहिनींचं होऊन जाऊ द्या," मागून पोस्टमन म्हणाले. "मला घाई नाही. मला निवृत्त झाल्यापासून घाई नाही."

मॅनेजरनं घाम पुसला आणि नको तो प्रश्न विचारला. "आजी, तुमच्याबरोबर कुणी आहे का?"

मला समोर पिवळी भिंत दिसायला लागली. मी म्हटलं, "नाही. मी एकटीच आलेय."

"असं काय करता ताई," नर्सबाई म्हणाल्या. "लेक बाहेर गाडीत बसलीय ना. आत येताना पाहिली मी तिला." आणि माझ्यावर मोठे उपकार करायला त्या स्वतःच तिला बोलवायला गेल्या.

लेक आली. तिनं आधी माझ्या गाड्यात पाहिलं, पिठापासून साबणापर्यंत. मग पट्ट्यावर पाहिलं, निळी, चौकड्यांची, खाकी. मॅनेजर तिला सगळं सांगत होता. तिनं त्याला बोलू दिलं, आणि मग विचारलं, "निळी आधी आली होती का?"

"आधी आली होती, पण मॅडम..."

"मग आधी निळी घ्या. बाकीचं मी यांना समजावते."

मागे उभ्या असलेल्यांची तिनं माफी मागितली, नर्सबाई आणि पोस्टमन आपणहून रांगेच्या शेवटी गेले, आणि माझं सामान झालं. भराभर झालं, साखर तर हवेतूनच आली. मी ते गाड्यात टाकलं, फळीवर जाऊन पिशव्या भरल्या. जड खाली, बटाटे मध्ये, वर साबण वेगळा गुंडाळून. लेक बघत उभी होती, पण हात लावला नाही तिनं.

नर्सबाईंचं झाल्यावर त्या फळीपाशी आल्या.

"तुमची पिशवी बघून जिवात जीव आला," मला म्हणाल्या. "महिनाभर दिसली नाही. म्हटलं, लेकीकडे गेल्या की काय."

"दार वाजवायचं होतं," मी म्हटलं.

"गेलेल्या माणसाचं दार काय वाजवायचं? तुम्ही कधी येणार इथे पुन्हा?"

मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पर्समधून फोन काढला होता.

"दर बुधवारी येईल ती," लेक म्हणाली. "मावशी, तुमचा नंबर द्या. एखाद्या बुधवारी आई दिसली नाही, तर मला लगेच फोन करायचा. रात्रीबेरात्री केला तरी चालेल. आणि आई, रांगेत माणसासारखं उभं राहायचं."

"गुडघे दुखतात."

"मग ती खुर्ची घे. बसलेली पाहिली मी तुला काचेतून."

खुर्ची घेतली. ती घेण्यासाठी पुन्हा रांगेत लागावं लागलं, तिथे लेक उभी राहिली. घरी आल्यावर तिनं सामान कपाटात लावलं, दोन डबे धुतले, आणि जाताना म्हणाली, "जेवणाचा फोटो पाठवायचा रोज."

"फोटो कसा पाठवतात?"

"नर्सबाई शिकवतील."

तेव्हापासून बुधवारी नर्सबाई, पोस्टमन आणि मी असे तिघं जातो. मी खुर्ची नेते, मॅनेजर काही म्हणत नाही. लेकीकडच्या त्या खोलीत जावयांनी चालायचं यंत्र आणून ठेवलंय. स्वस्त मिळालं म्हणे. रोज सकाळी त्यावर चालतात, खिडकीकडे तोंड करून.