गाठ नव्हती

"पाणी भरलंस? कुणाला इचारून भरलंस?"

कडूबाचा आवाज लॅबच्या दारातून थेट जालन्यातल्या मस्तगडच्या रस्त्यावर गेला. बाकावर रडणारं पोर गप्प झालं. फरशी पुसणाऱ्या खैरुनबीने मात्र मानही वर केली नाही. वीस वर्षांत तिने कडूबाच्या तोंडून सरळ शब्द ऐकला नव्हता, तो आजच ऐकू येईल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

त्याच्यासमोर भोकरदनकडच्या खेड्यातला सर्जेराव उभा होता. हातात काचेची छोटी बाटली आणि बाटलीत हरभऱ्याएवढा मांसाचा तुकडा. काल सकाळी भोकरदनच्या डॉक्टरांनी तो सर्जेरावच्या बायकोच्या छातीतून काढला आणि तपासायला जालन्याला न्यायला सांगितलं.

"मंग काय करू साहेब? यष्टीत झाकण सैल झालं. त्या औषधाच्या वासानं लोक बोंबलून राह्यल्ते. कंडक्टरनं राजूरला खालीच उतरवलं. म्या औषध ओतून देलं अन् हापशाचं चांगलं पाणी भरलं. रात्री पाव्हण्याकडं ऱ्हायलो."

"चांगलं पाणी! अरे, औषधात तुकडा हाये तसा राहतो, पाण्यात कुजतो. एप्रिलचं ऊन, त्यात रातभर पाणी. हे आता कुत्र्याला घालायच्या लायकीचं बी न्हाई. जा, पुन्हा कापून आण."

कडूबा डॉक्टर नव्हता. आलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे पापुद्रे काढायचे, काचपट्टीवर रंगवून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. दुपारी डॉक्टर येऊन ती काचपट्टी बघत आणि निदान लिहीत. लोक त्यालाच डॉक्टर समजून हात जोडत आणि तो त्यांच्यावर खेकसे.

सर्जेरावने हात जोडले नाहीत. उलट तोही तापला.

"पुन्हा? ती काय बकरी हाये का? तिला गाठच न्हाई! आमच्या मायनं चाचपून बघितलं. डॉक्टर बी म्हणले, हाताला गाठ लागत न्हाई, नुसतं घट्ट झाल्यावानी हाये. मंग कापायचं कामून? चाललो आम्ही घरी. बिलकुल येणार न्हाई पुन्हा."

तो वळला. कडूबाने मागून त्याची कॉलर धरली. सर्जेरावने त्याला असं ढकललं की कडूबा टेबलावर आदळला आणि दोन बरण्या घरंगळल्या.

"पुरं करा," दारातून आवाज आला. "कापलंय मला. भांडताय तुम्ही."

सर्जेरावची बायको पुष्पाबाई पायरीवर बसून सगळं ऐकत होती. डावा हात अंगापासून लांब धरून ती आत आली. वय पस्तीसच्या आसपास.

"काय ते मला सांगा. गाठ न्हाई तर रोग कुठला?"

डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम कडूबानेच आरडाओरडा करून घालून दिला होता. त्याने पुष्पाबाईला त्याच स्टुलावर बसवलं आणि एक काचपट्टी लावली.

"ही चांगली छाती. लेकरू अंगावर पिणाऱ्या बाईची. काय दिसतं?"

"गोल गोल. कोंडाळं करून बसल्यावानी."

"त्या पेशी. बाई पोटुशी राहिली की ही दुधाची घरं नव्यानं बांधली जातात. पेशी एकमेकींना धरून बसतात. धरायचा एक चिकटा असतो त्यांच्यात, म्हणून घर उभं राहतं. आता हे बघा."

त्याने खालचा खण उघडला आणि मागून एक जुनी काचपट्टी काढली. तिच्यावर नुसता नंबर होता.

पुष्पाबाई बराच वेळ बघत राहिली. "ह्या तर मुंग्यावानी चालल्यात. एकामागं एक."

"चिकटा गेला त्यांचा. कुणी कुणाला धरत न्हाई. एकेकटी निघते अन् घुसते. गाठ व्हायला एकमेकींना धरून ऱ्हावं लागतं ना? ह्या धरतच न्हाईत, मंग हाताला काय लागंल? सगळ्याच बायांचं असं नसतं. बऱ्याच जणींना गाठ लागती. पण काहींचं असं असतं. तुमचं असंलच असं म्हणत न्हाई मी. पण बघावं लागंल."

सर्जेराव मागे उभा होता, अजून घुश्शात. "ही कोण बाई? बरी झाली का?"

"न्हाई."

"तिला कुणी सांगितलं न्हाई का वेळेवर?" पुष्पाबाईने विचारलं.

कडूबाने काचपट्टी काढून हातात घेतली. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी डबा भरता भरता उषा म्हणाली होती की डावीकडे जड लागतंय, जरा बघा. शेकडो गाठी हाताळलेल्या बोटांनी त्याने चाचपलं, कामाला उशीर होतोय म्हणून चिडला आणि निकाल देऊन मोकळा झाला. आठ महिन्यांनी तिचा तुकडा याच टेबलावर आला. त्याचे पापुद्रे त्यानेच काढले. दुसरं कुणी काढणारं नव्हतंच. हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"माझी बायको," तो म्हणाला. "अन् गाठ न्हाई, असं मीच सांगितलं तिला."

पुष्पाबाई स्टुलावरून उठली. तिने ना सांत्वन केलं, ना ती हळहळली.

"मंग आमच्यावर कामून वरडता?" ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "चला. भोकरदनची यष्टी लागली असंल. पुन्हा कापून घेते मी."

कडूबाने एक नवी बाटली औषधाने काठोकाठ भरली, झाकण आवळलं आणि सर्जेरावच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी दुपार टळल्यावर सर्जेराव आला. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. त्याने बाटली टेबलावर ठेवली. झाकणावर फडकं घालून वर सुतळी करकचून बांधली होती.

"ह्या बारीला बी कंडक्टरनं बाटली बघून राजूरला उतरवलं," तो म्हणाला. "पण ओतलं न्हाई. चालत आलो."

राजूरहून जालना चांगलं पंचवीस किलोमीटर. कडूबाने बाटली उजेडात धरून पाहिली. औषध काठोकाठ होतं आणि तुकडा शाबूत होता.

"बराबर आणलं," तो म्हणाला.

खैरुनबीने फडकं थांबवून वर पाहिलं. कडूबा सर्जेरावपुढे पाण्याचा तांब्या ठेवून चिठ्ठी लिहायला बसला होता. एरवी तो नुसता नंबर टाकायचा. आज त्याने आधी नाव लिहिलं: पुष्पाबाई सर्जेराव. मग खण उघडला, मागची जुनी काचपट्टी काढली आणि नंबराच्या शेजारी उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहिलं, उषा.