नव्याण्णवाव्या दिवशी मी गप्प बसले

मित्रांनो, मी एक जुनी लाल दोरी आहे. दोरी म्हटलं की तुम्हाला विहीर आठवेल, पाळणा आठवेल, नाहीतर उड्या मारायची दोरी आठवेल. माझ्या बहिणींच्या वाट्याला ती कामं आली आणि त्यांनी ती मान ताठ ठेवून केली. माझं तसं नाही हो. माझी गोष्ट सांगताना मला मान खाली घालावी लागते. पण ऐका. लाज वाटते म्हणून तोंड बंद ठेवायचं हेच मी आजवर करत आले आणि त्याचे चटके भलत्यालाच बसले.

माझा जन्म दोरखंडांच्या कारखान्यात झाला. तीन पदरांना पीळ देऊन मला वळलं आणि लाल रंगात बुडवून काढलं. तिथून मी आले प्रेशर कुकर बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथे एक लांबलचक सरकता पट्टा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून कुकर जोडत, तपासत आणि खोक्यांत भरत. त्यांच्या डोक्यावर, हात वर केला की लागेन एवढ्या उंचीवर, मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं. माझं काम सोपं होतं. कुणालाही काही बिघडलेलं दिसलं की त्याने मला ओढायचं. मग पिवळा दिवा फिरायचा, घंटा वाजायची आणि पट्टा जागच्या जागी थांबायचा. कुणाला विचारायची गरज नव्हती. झाडणाऱ्या बाईंनी मला ओढलं तरी पट्टा थांबायचाच.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांना सगळे 'धावते साहेब' म्हणत. घंटा वाजली की ते वरच्या मजल्यावरून धावत खाली येत. कधी हातात चहाचा कप तसाच असे, कधी एकाच पायात बूट. आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "बरं झालं ओढलीस. काय दिसलं तुला?" ओढणारा चुकला असला तरी हेच. एकदा झाकणं उलटी बसू लागली. शोधता शोधता कळलं, साहेबांनीच आदल्या दिवशी दोन टेबलांची अदलाबदल केली होती. ते सगळ्यांसमोर कपाळावर हात मारून म्हणाले, "घ्या! चोर तर मीच निघालो." सगळे हसले आणि टेबलं पुन्हा जागेवर गेली.

आता खरं सांगू? मला ते साहेब फारसे आवडत नसत. आठवड्यातून तीन-चारदा मला हिसके बसायचे. माझे धागे सुटायचे, अंग ठणकायचं. मला वाटायचं, काय मेलं हे नशीब, ऊठसूट कुणीही यावं आणि ओढावं! माझ्यामुळे किती घरांतले कुकर धड निघाले हे तेव्हा माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पुढे ते साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांच्या शर्टाची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे, म्हणून त्यांचं नाव पडलं 'इस्त्रीवाले साहेब'. माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं त्याला पाठ होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला स्वच्छ पुसून घेतलं, नवा रंग दिला, पितळी कड्या लावल्या. आणि माझ्यासमोर भिंतीवर एक फळा टांगला. त्यावर लिहिलं होतं, 'पट्टा न थांबता सलग दिवस', आणि पुढे आकडा.

आकडा रोज एकाने वाढायचा. कुणी मला ओढलं, तर त्या माणसाने सगळ्यांदेखत स्टुलावर चढून आपल्या हाताने तो पुसायचा आणि शून्य लिहायचं, असा साहेबांचा नियम होता. त्यांच्या मते ही गंमत होती. "खेळीमेळीने घ्या रे," असं ते म्हणायचे.

एकतिसाव्या दिवशी हँडल बसवणाऱ्या दादांना एका हँडलला चीर दिसली आणि त्यांनी मला ओढलं. चीर खरीच होती. तरी दादांना स्टुलावर चढावं लागलं. खाली टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली. दादांनी शून्य लिहिलं. ते हसत होते, पण कान लालबुंद झाले होते. त्यानंतर दादांनी माझ्याकडे मान वर करून कधी पाहिलं नाही.

आणि मी? मी खूश होते! अंगाला हिसके नाहीत. पाहुणे आले की साहेब मला दाखवून म्हणायचे, "ही आमची दोरी. कुणाला ओढावीच लागत नाही." ते ऐकून मी फुलून जायची. काम न करता मान मिळत होता आणि मी तो मुकाट्याने घेत होते. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, स्वतःचाच राग येतो.

मग साहेबांनी जाहीर केलं की शंभर दिवस पूर्ण झाले तर साठच्या साठ कामगारांना एकेक नवा कुकर भेट. सगळे दिवस मोजू लागले.

पट्ट्याच्या शेवटी दोघीजणी कामाला होत्या. एक चष्मेताई. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर असायचा, म्हणून हे नाव. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्या तपासायच्या. आत वाफ फार झाली की हा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि कुकर फुटत नाही. दर पाचव्या कुकरचा व्हॉल्व्ह ताई नखाने दाबून पाहायच्या. त्यांच्या पुढे कुकर खोक्यात भरायला त्यांची मोठी नणंद. ताई त्यांना वन्सं म्हणायच्या. वन्सं जिभेच्या तिखट, मनाच्या गोड. "माझ्या भावाच्या नशिबी बायको एक आणि चष्मे दोन," असं म्हणून त्या दिवसातून एकदा तरी सगळ्यांना हसवायच्या.

नव्याण्णवाव्या दिवशी दुपारी ताईंनी एक व्हॉल्व्ह दाबला. तो हलला नाही. पुढचा पाचवाही अडकलेला. त्याच्या पुढचाही. तीन खराब म्हणजे मधले न तपासलेलेही खराब असणार, हे कळायला फार हुशारी लागत नाही. त्यांनी हात वर केला. त्यांची बोटं मला लागली, मित्रांनो. थंडगार आणि ओली होती ती. त्यांनी वन्संकडे पाहिलं, मग त्यांची नजर फळ्यावर गेली. ९९.

तेव्हा मी काय केलं असेल? मी मनात म्हटलं, नको गं बाई, एकच दिवस राहिलाय.

ताईंनी हात खाली घेतला. तीन खराब कुकर टेबलाखाली सरकवले. बाकीचे पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पेढे वाटले, फोटो निघाले, साहेबांनी आपल्या हाताने एकेकाला कुकर दिला. ते कुकर आदल्या दिवशीचेच होते. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. निघताना त्या वन्संना म्हणाल्या, "दोन दिवस नका वापरू हो. मी येऊन व्हॉल्व्ह बघते."

"अगंबाई, मीच भरलेला कुकर," वन्सं हसल्या, "त्याला काय बघायचंय? तू आणि तुझे चष्मे!"

ताई यापुढे एक शब्द बोलल्या असत्या तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वन्सं कामावर आल्या नाहीत. सकाळीच कुकरचं झाकण उडालं होतं आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

वाटलेले आणि दुकानांत गेलेले सगळे कुकर परत मागवले. टेबलाखालचे तीनही सापडले. मग पट्ट्याशेजारीच चौकशी बसली. साहेबांनी ताईंना विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं साहेब."

"मग डोक्यावर दोरी होती ना? कुणी हात धरला होता का तुमचा?"

ताई गप्प. साठ माणसं गप्प. आणि त्यांच्या डोक्यावर मी. साहेबांनी अहवालात 'तपासनीस बाईंचा हलगर्जीपणा' असं लिहिलं आणि ताईंना घरी पाठवलं. पाठदुखीने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं घर ताईंच्या एकटीच्या कामावर चालायचं, हे मुलाबाळांची नावं पाठ असणाऱ्या साहेबांना ठाऊक होतं.

महिन्याभराने वन्सं आल्या. हाताला पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली बोटं गुलाबी आणि चकचकीत. मला वाटलं, भावजयीच्या नावाने बोटं मोडायला आल्यात, आणि हक्कच होता त्यांचा. त्या थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. पट्टा चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, तो अहवाल बदला. तिचा हात दोरीपर्यंत गेला होता. मी पाहिलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय बोलणार? तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मीच मानेने 'राहू दे' म्हटलं. मला कुकर हवा होता."

साहेबांनी मान वर करून फळ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी स्वतः फळा उतरवला आणि ताईंना परत बोलवायला त्यांच्या घरी गेले. ताई परत आल्या नाहीत. "आता माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही," एवढंच म्हणाल्या म्हणे.

आता पट्ट्याला बटणं बसली आहेत. मला कापून परत आलेल्या कुकरांची खोकी बांधायला घेतलंय. हिसके बसत नाहीत, कुणी ओढत नाही. हेच तर मला हवं होतं!

मित्रांनो, तुमच्यातला कुणी उद्या वर्गाचा मॉनिटर होईल, संघाचा कप्तान होईल, एखाद्या मोठ्या कंपनीचा साहेब होईल. तुमच्या भिंतीवरचे आकडे छान दिसू लागले की तुम्हीही माझ्यासारखे फुलून जाल. तेव्हा एक करा. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या, पाणी द्या आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्या. आणि कुणाचा हात अर्ध्यावर जाऊन खाली आलेला दिसला, तर हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जा आणि विचारा, काय दिसलं तुला? मला तोंड नव्हतं, म्हणून मी विचारू शकले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मला विचारायचंच नव्हतं.