सुंदराचा उलटा नवस

“चुलीला पाय लावू नको, नि सासऱ्याचं नाव तोंडातून काढू नको. सुनेनं नाव घेतलं का माणसाचं आयुष्य तुटतं गो.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा सुंदरा एकोणीस वर्षांची होती. पुढे चूल जाऊन गॅस आला, सासूबाईही गेल्या, पण नावाचा नेम सुंदरानं सोमवारच्या उपासासारखा पाळला. सासरे, म्हणजे आबा, शहाऐंशीला पोचले तरी हिंडतेफिरते होते. ही आपल्याच जिभेची पुण्याई, असं तिला मनातून वाटे. बोलून तिनं कधी दाखवलं नाही. मुळात ती बोलायचीच इतकं हळू, की मांजरालाही दोनदा हाक मारावी लागे.

आबांचं नाव भगीरथ. रेशनकार्ड नवं करताना यावरून एकदा पंचाईत झाली. घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव विचारलं, आणि बरोबर दुसरं कोणी नाही. सुंदरानं पदर सावरून सांगितलं, “ते... गंगा ज्यांच्यामुळं खाली आली ना, त्यांचं.” लिहिणाऱ्यानं डोकं खाजवलं आणि लिहिलं, शंकर. पुढची तीन वर्षं आबा कागदोपत्री शंकर होते. “चला, बढती झाली,” एवढंच ते म्हणाले.

आता सून दर्शना सातव्या महिन्यात होती. एका रविवारी जेवताना सुंदराच्या नवऱ्यानं, रघूनं विषय काढला. “पोरगा झाला तर आबांचंच नाव ठेवायचं. भगीरथ.”

सुंदराच्या हातातली पळी आमटीत बुडाली. पण तिचा सगळा भरवसा दर्शनावर होता. दर्शना शहापूरची, शिकलेली. तिच्या मोबाईलमध्ये नावांची यादी होती, रियांश, कियांश आणि आणखी कसले कसले अंश. ही आता नाक मुरडणार, सुंदराला खात्रीच होती.

“भारी!” दर्शना म्हणाली. “जुनी नावं परत चालू झालीत, बाबा. वर्गात दुसरा भगीरथ नसणार.”

“नि मुलगी झाली तर?” सुंदरानं घाईघाईनं विचारलं.

“रेवा.”

रेवा. सुंदरानं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. रेवा, दूध पी. रेवा, पडशील गो. किती सोपं! नाहीतर नातू विहिरीकडं धावत सुटला, तर आजीनं मागून ओरडायचं काय? गंगावाल्या, थांब?

दुसऱ्या दिवशी सोमवार. सुंदरा नारळ घेऊन म्हसा गावच्या महादेवाच्या देवळात गेली. देवाला नीट ऐकू जावं म्हणून जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. “देवा, नात दे. पाच सोमवार अनवाणी येईन.”

मागं रांगेत शेजारची प्रेमा उभी होती. प्रेमाच्या कानावर पडलेली गोष्ट मुरबाडच्या एसटीच्या आधी गावात पोचते.

“सासवा नातवासाठी नवस बोलतात, हिचं उलटंच!”

“सुनेशी वाकडं असंल.”

“वाकडं कसलं? सुधारली ती! आपण आहोत मागासलेल्या.”

संध्याकाळी बचत गटाच्या बाया दारात हजर. मुलीच्या जन्माचं स्वागत करणारी आदर्श सासू म्हणून सुंदराचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ आणि तिचं दोन शब्दांचं भाषण. बाया गेल्या तशी दर्शनानं तिला मिठी मारली. “आई, तुमी किती वेगळ्या आहात!” आणि डोळेच पुसायला लागली.

सुंदराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं तिला एरवीही पचत नसे, उपासाच्या दिवशी तर नाहीच.

“नाय गो बाय,” ती म्हणाली. “मी कसली वेगळी? पोरगा झाला तर मला त्याला हाकच मारता येणार नाय. सगळं घर त्याला नावानं बोलवणार, नि मी आपली अरे, ए करत बसणार. म्हणून...”

दर्शना आधी खो खो हसली. मग उठून थेट पडवीत गेली आणि आबांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. आबांना कमी ऐकू येई. शेजारच्या दोन घरांना मात्र नीट ऐकू गेलं.

आबांनी सुंदराला बोलावलं.

“सूनबाई, माझ्या बरोबरीचे सगळे गेले. आता मला नावानं हाक मारणारं कोण उरलंय? जो तो आबा, आबा. बँकेत ओरडतात, तेपण आडनावानं. उद्या सकाळी तू मला नावानं हाक मार. माझ्यावर जीभ सैल झाली, का नातवावर आपसूक चालंल.”

“पण आबा, आयुष्य...”

“शहाऐंशी वर्षं झाली. एवढ्या लांब धोतराचा हातभर तुकडा गेला तर उघडा पडतो का मी? कबूल?”

“कबूल,” ती पुटपुटली.

“काय?”

“कबूल!”

“हां. एवढ्या जोरात मार. हळू मारलीस तर मी नाय धरणार.”

सकाळी सुंदरानं तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग चहा टाकला. आलं जरा जास्तच पडलं. पडवीत आबा पाठमोरे बसले होते, कान दाराकडं करून. घरात अजून कोणी उठलं नव्हतं. तिनं एका हातात कप धरला, दुसऱ्या हातानं पदर नीट केला, अगदी बारीक आवाजात खाकरून घसा मोकळा केला, आणि उंबरठा ओलांडला.