कोंडीबाच्या श्वासाचा फोटो

गोजरबाईनं फोटो दारातल्या उजेडात धरला. आधी डोळ्यांत भरला तो लाल रंग. दोन फुप्फुसं, एक जवळजवळ सगळंच लालभडक, दुसरं वरून निळं-काळं.

"अक्का, दादाच्या दुखण्यात तुमी समदं पाह्यलंय," केशर म्हणाली. "डॉक्टर म्हणले, एक भाग चालू हाये, एक बंद पडलाय. गाठ जाळायचा मशिनीचा शेक बंद भागातून न्यायचा, चालू वाचवायचा. पण कोणता कोणता, ते भेवानं माझ्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

केशर तिची चुलत जाऊ, कोंडीबाची बायको. पण दोघींमध्ये नात्यापेक्षा मोठी गोष्ट होती, ती म्हणजे हळदीची कढई. गोजरबाईचा नवरा सोनाजी कुरुंद्यातला हळद शिजवणारा. वाफेचा नुसता वास घेऊन तो "उतरवा" म्हणायचा आणि हळदीचे मालक सोमेश्वरराव, त्यांची अख्खी कढई त्याच्या एका शब्दावर उतरायची. दोन हजार एक साली त्याच्या छातीत गाठ निघाली. शेक घेतला, गाठ जळाली, आणि तिच्या शेजारचं चांगलं फुप्फुसही होरपळलं. माणूस राहिला, पण बाजेपासून दारापर्यंत जायला त्याला दोनदा बसावं लागे. कढईवरची जागा त्याच्या चुलतभावाकडे, कोंडीबाकडे गेली. तेव्हा गोजरबाईच हसून म्हणाली होती, घरातच राहिली की. ते हसू तिला सहा वर्षं टोचत होतं.

आता कोंडीबालाही गाठ निघाली. गोजरबाई रडली, खरंखुरं रडली. मग हा फोटो आला. तिच्या माणसाच्या वेळी साधा काळा-पांढरा काढला होता. कोंडीबाला म्हणे सुई देऊन रंगीत काढला. मरणाच्या दारातही ह्यांचं काहीतरी जास्तीचंच.

"लाल हाये तेवढं गाठीनं खाल्लंय बघ," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. लाल म्हणजे जखम, लाल म्हणजे निखारा, एवढंच तिला ठाऊक. पण आपल्या आवाजात कुठेतरी गोडवा आला, तो तिचा तिलाच ऐकू आला. केशर फोटो तिथंच विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कळलं, कोंडीबा शेक घ्यायला जात नाही. एक बाजू सगळीच गेली म्हटल्यावर कशाला भाजून घ्यायचं, कढईपाशीच मरतो, असं म्हणाला. शुक्रवारी सकाळची औरंगाबादची गाडी होती, ती तो सोडणार होता.

गुरुवारी गोजरबाई सोनाजीचा दम्याचा पंप आणायला सरकारी दवाखान्यात गेली, तेव्हा तिनं फोटो पिशवीत घेतला. कशाला घेतला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. कोंडीबाचं खरंच वाईट आहे, हे कुणा शिकलेल्याच्या तोंडून ऐकायचं होतं, दुसरं काय.

तिथल्या आरोही सिस्टरनं फोटोसोबतचा इंग्रजी कागद वाचला.

"मावशी, उलटं आहे हे. लाल म्हणजे चालू. रक्त, श्वास सगळं तिथं पोचतंय. निळं तेवढं निकामी. आता डॉक्टर शेक त्या निळ्यातून नेतील, लाल भाग सांभाळतील. नंतर दम कमी लागतो." मग जरा थांबून विचारलं, "काकांच्या वेळी नव्हतं का काढलं?"

"न्हवतं," गोजरबाई म्हणाली.

येताना ती वाटेतल्या पारावर टेकली. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. सिस्टर काही केशरकडे जाणार नव्हती. फोटो मांडीवर होता आणि त्यातलं एवढं सगळं लाल कोंडीबाचं होतं. आपल्या माणसाचंही असं कुठंतरी लाल असणार, कुणी बघितलंच नाही. पदराची गाठ तिनं सोडली, बांधली, पुन्हा सोडली.

मग उठली ती थेट केशरच्या दारात. कोंडीबा ओट्यावर पाठमोरा बसला होता.

"उद्याच्या गाडीनं जाय," ती म्हणाली. "म्या उलटं वाचलं. लाल हाये ते जितं हाये."

केशरनं तिच्या हातातून फोटो काढून घेतला आणि कोंडीबाची पिशवी भरायला आत गेली. त्यापेक्षा शिवी बरी होती.

पुढच्या साली फाल्गुनात कढई चढली, तेव्हा कोंडीबा तिच्यापाशी उभा होता. थोडा वाळलेला, अधूनमधून खोकणारा, पण उभा. गोजरबाई शेताच्या कडेला सोनाजीच्या बाजेशेजारी बसून कोंडीबाकडे बघत होती आणि पोटात जळत होतं. ते काही थांबलं नव्हतं. थांबेल असं तिला वाटतही नव्हतं.

वाफ दाटली तसा कोंडीबा पळसाच्या पानावर हळदीचा एक गरम गड्डा घेऊन आला.

"दादा, मी वाफेत उभा ऱ्हातो, पण तुमच्यावानी वास न्हाई कळत मला. सांगा."

सोनाजीनं गड्डा मोडला, नाकाशी धरला, जेवढा घेता येईल तेवढा श्वास घेतला.

"आणिक एक उकळी," तो म्हणाला.

कोंडीबा कढईकडे गेला. गोजरबाईनं जुन्या सवयीनं सोनाजीचे हात धुवायला तांब्या उचलला. त्याची बोटं सहा-सात वर्षांनी पुन्हा हळदीनं पिवळी झाली होती. तिनं तांब्या बाजेमागं ठेवून दिला.