बिनपाण्याची वीट

टेकचंद गुरुजींनी वीट छातीएवढ्या उंचीवरून अंगणातल्या फरशीवर सोडली. ती फुटली नाही. नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी वीट उचलून उलटीपालटी करून पाहिली आणि ते पहिल्यांदाच जरा सावरून बसले.

माणूस चंद्रावरून परत आल्याला दहा-बारा वर्षं उलटली होती. पुढे तिकडे राहायला जायचं तर घरं कशाची बांधायची, याचं कोणालाच काही पडलं नव्हतं. बक्षीस लावल्याशिवाय लोक डोकं चालवणार नाहीत, असं नागपूरच्या एका विज्ञान मंडळाला वाटलं आणि त्यांनी जाहीर केलं, चंद्रावर पाणी नाही, तेव्हा पाण्याचा थेंबही न वापरता वीट करून दाखवा. तेव्हापासून पवनीचे हे गुरुजी शाळा सुटली की खडकाचा भुगा, चुना आणि धानाच्या कोंड्याची राख एकत्र दाबून भाजत बसत. विटा हातात घेताच ढासळत. गावाने त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. गुरुजी आता फार थकले होते. एकदा बक्षीस मिळालं म्हणजे गाव गप्प बसेल आणि आपणही निवांत बसू, एवढंच त्यांना हवं होतं.

"बसा, चहा सांगतो," म्हणून ते आत गेले.

चुलीपुढे निर्मलाबाई हसत होत्या.

"फुटली नाही ना? मले माहीतच होतं. तुमी शाळेत गेले का मी रोज पानी मारत होती तिच्यावर. नवी भिंत कोनी कोरडी ठेवते का? तुमी रागावता म्हनून सांगतलं नाही."

गुरुजी दाराला धरून उभे राहिले. स्पर्धेची अट बायकोला सांगावी, हे त्यांना इतक्या दिवसांत कधी सुचलंच नव्हतं. संताप आला, पण तो त्यांच्या स्वतःवरच येऊन थांबला.

ते बाहेर आले. परीक्षक कागदावर त्यांचं नाव लिहीत होते.

"लिहू नका साहेब. विटेवर पाणी मारलेलं आहे."

"कोणी मारलं?"

"मीच."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

"गुरुजी माणूस तुम्ही," एवढंच ते म्हणाले आणि चहा न घेता नागपूरची एस.टी. गाठायला निघाले.

निर्मलाबाई कप घेऊन आल्या, तेव्हा अंगणात गुरुजी एकटेच होते.

"गेले बी? काय म्हनाले?"

"वीट चांगली हाय म्हनाले."

"मंग माहं पानी कामी आलं."

"आलं ना," गुरुजी म्हणाले आणि तिला बसायला शेजारी जागा करून दिली.