मी प्रसूतीच्या खोलीतली रबरी चादर

मित्रांनो, मी एक जुनी लाल रबरी चादर आहे. नर्सबाई मला मॅकिंटॉश म्हणतात. नाव साहेबी, काम मात्र धुण्यापुसण्याचं! चिंचणीकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली. कारखान्यातून आले तेव्हा इतकी गुळगुळीत होते की माशी बसली तर घसरायची. आता कडा चिरल्यात. बाळाचं कौतुक होतं, आईचंही थोडंफार होतं. माझ्या वाट्याला फिनेलची बादली. तक्रार नाही, सवय झालीय.

भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचा आदेश लावलेला आहे : 'प्रसूती टेबलावरच.' डॉक्टर वाईट नाहीत हं. दिवा तिथे, सामान तिथे, म्हणून तसा नियम.

गेल्या फेब्रुवारीत, भर दुपारी रिद्धी आली. मासे सुकवणाऱ्या घरातली सून, पहिलटकरीण. टेबलावर आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"मी नाय झोपणार! पाठीवर कळ सोसवत नाय. खाली उकिडवी बसते."

तिची सासू बायडी वैतागली. "गप, आयक! डॉक्टरपेक्षा तू शानी हायस?"

रिद्धी रडू लागली. मला फार वाईट वाटलं. पण चादरीला कोण विचारतो?

उषा सिस्टर कंत्राटी होती. मार्चनंतर तिची नोकरी राहणार की जाणार, ते डॉक्टरांच्या सहीवर. तिने बाळाचे ठोके ऐकले. ठीक होते. मग तिने पालघरला मीटिंगला गेलेल्या डॉक्टरांना फोन लावला.

"टेबलावरच घ्या," स्पीकरवर आवाज आला. "काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी, सर. ठोके बिघडले तर टेबलावर घेईन, तिनंही ते कबूल केलंय. पण तोवर जबरदस्ती करणार नाही."

फोन कट झाला. सिस्टरने माझं टोक मुठीत धरलं. तिने मला टेबलावरून ओढलं आणि पुसून जमिनीवर अंथरलं. बायडीने कुरकुरत का होईना, सुनेला मागून काखेत धरलं. सिस्टर दर थोड्या वेळाने ठोके ऐकत राहिली. तासाभरात मुलगी झाली, अगदी ठणठणीत. सगळ्यात आधी रडली ती बायडी, लबाड म्हातारी!

दुसऱ्या दिवशी सिस्टरला मेमो मिळाला. तिने उत्तर लिहिलं : 'आदेश मोडला, हे कबूल. पण बाई नको म्हणत असताना तिला धरून झोपवणं मला जमणार नाही.'

पुढे महिनाभर डॉक्टर तिच्याशी कामापुरतंच बोलले. मार्चअखेर त्यांनी तिच्या नेमणुकीवर सही केली आणि सामानाच्या मागणीपत्रात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : 'रबरी चादर, नग एक, जमिनीसाठी.'

ती नवी चादर आलीय. मित्रांनो, तिची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. नाहीतर माझ्यासारखी चिरेल. आणि अंथरायच्या आधी बाईला विचारा, कुठे अंथरू?