कांद्याच्या पापुद्र्याची पडताळणी

आठवीच्या विद्यार्थ्याने वर्षअखेर जीवशास्त्रात नेमके काय करून दाखवावे, हा प्रश्न नळदुर्गच्या त्या विद्यालयात पूर्वी कोणालाही पडला नव्हता, आणि तो न पडल्यामुळे निकालाचे काहीही बिघडले नव्हते. मुख्याध्यापक कृष्णराज सरांनी स्वतः रचलेल्या अध्ययन निष्पत्ती कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर रंगवून घेतल्या होत्या. विद्यार्थ्यास सजीवसृष्टीची जाण येते. त्याच्या मनात विज्ञानाविषयी आदर निर्माण होतो. तो निसर्गाशी एकरूप होतो. या निष्पत्तींचा मोठा गुण असा, की त्या साध्य झाल्या नाहीत हे आजवर कोणीही सिद्ध करू शकले नव्हते. एकरूप झालेला विद्यार्थी आणि झोपी गेलेला विद्यार्थी बाहेरून सारखेच दिसतात.

मग भैरवी मॅडम आल्या. शिक्षणसेवक म्हणून त्यांचे शेवटचे वर्ष चालू होते. संस्थेने शिफारस केली, तर त्या कायम होणार होत्या. न केली, तर तुळजापूरला आईवडिलांच्या घरी परतून दहावीच्या शिकवण्या घेणार होत्या. अशा वेळी शहाण्या माणसाने जे करू नये, तेच त्यांनी केले. संस्थेने सुधारित निष्पत्ती मागवल्या, तेव्हा त्यांनी त्या खरोखरच सुधारल्या. सातवी निष्पत्ती अशी होती: ‘विद्यार्थी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि जे दिसले त्याची आकृती काढतो.’

कृष्णराज सरांनी ते वाक्य बोट ठेवून वाचले.

“पाहतो म्हणजे? डोळ्यानं?”

“हो, सर.”

“सगळे?”

“सगळेच.”

“तुम्ही अजून लहान आहात, मॅडम. ‘पाहतो’ असं लिहिलं की उद्या कुणीतरी येऊन विचारणार, पाहिलं का म्हणून. ‘जाणतो’ लिहा. जाणण्याचा पुरावा कुणी मागत नाही.”

मॅडमनी ‘पाहतो’ हेच ठेवले. संस्थेत ते कोणी वाचले नाही, म्हणून मंजूर झाले.

विद्यालयाचा सूक्ष्मदर्शक सरांच्या खोलीतील लोखंडी कपाटात, मखमली गवसणीत राहत असे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर येई. त्या दिवशी महामार्गावरच्या ट्रकांना झेंडूच्या माळा पडतात, शिलाई मशीनला आणि वजनकाट्याला हळदकुंकू लागते. तसे ते शाळेची घंटा आणि सूक्ष्मदर्शक यांनाही लागे. पूजा सर स्वतः करत. कुंकू कुठे लावायचे, याचा त्यांनी तर्कशुद्ध विचार केला होता. नांगराला फाळावर, ट्रकला कपाळावर, तर पाहण्याच्या यंत्राला त्याच्या डोळ्यावर. म्हणून ओले कुंकू वरच्या भिंगावर, हळद खालच्या आरशावर, आणि नारळाचे पाणी सर्वत्र. मग यंत्र गवसणीत, गवसणी कपाटात, किल्ली खिशात. पूजेचे कुंकू पुढच्या नवमीपर्यंत पुसायचे नाही, असा सरांचा दंडक होता. अशा रीतीने ते यंत्र कित्येक वर्षे अत्यंत सुस्थितीत आंधळे होते.

डिसेंबरात संस्थेची पडताळणी जाहीर झाली. मॅडम किल्ली मागायला गेल्या.

“यंत्र बाहेर काढतो,” सर म्हणाले, “पण पुसायचं नाव काढू नका. पूजलेलं आहे.”

“मग मुलांना दिसणार काय, सर?”

“कांदा आयुष्यात पाहिला नाही का त्यांनी?”

तरीही सर बेसावध नव्हते. त्यांनी वर्गाच्या भिंतीवर वनस्पती पेशीचा जुना तक्ता टांगला आणि आठवडाभर मुलांकडून तो गिरवून घेतला. पावसाळ्यात छत गळून त्या तक्त्यावर, पेशीच्या बरोबर मध्यभागी, भोपळ्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. त्याबद्दल कोणी काही विचारले नाही. विचारणे ही कोणत्याच निष्पत्तीत बसणारी गोष्ट नव्हती.

पडताळणीला अनसूयाबाई आल्या. त्या दुसऱ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कमी बोलत आणि चहा नाकारत, त्यामुळे सर्वांना त्यांची भीती वाटे. मॅडमनी काचपट्टीवर पापुद्रा ठेवला आणि मुलांची रांग लागली. प्रत्येकाने वाकावे, एक डोळा मिटावा, “दिसलं” म्हणावे आणि जागेवर जाऊन भिंतीकडे पाहत आकृती काढावी, असा क्रम सुरळीत चालला. प्रत्येकाच्या उजव्या पापणीवर एक पुसट लाल वर्तुळ उमटत होते.

“काय दिसलं रे?” अनसूयाबाईंनी माज नावाच्या मुलाला विचारले.

“पेशी, बाई. लई भारी दिसली.”

“कशी होती?”

माजने भिंतीकडे बोट केले. “अशी.”

त्याच्यामागे अलिजा होती. ती वाकली, आणि उठेचना.

“मॅडम, मला निस्तं लाल दिसायलंय.”

“नीट बघ, बेटा,” सर घाईने म्हणाले.

“नीटच बघायलेय, सर. मधी लाल, कडंनं पिवळं.”

“केंद्रक असेल ते.”

“न्हाय, सर, कुंकू हाय. माजच्या डोळ्याला बी लागलंय बघा.”

वर्गातील सर्वांनी एकमेकांचे डोळे तपासले. त्या दिवशी मुलांनी केलेले ते पहिले वैज्ञानिक निरीक्षण.

अलिजाने लाल गोळा काढला, कडेला पिवळे रंगवले आणि खाली लिहिले: ‘कांदा दिसला नाही.’ बाकीच्या आकृत्या रेखीव होत्या, आणि प्रत्येकीच्या मध्यभागी तपकिरी भोपळा होता. “हे काय?” असे अनसूयाबाईंनी विचारले, तेव्हा माजने त्याला लवक म्हटले, मैथिलीने रिक्तिका, आणि उत्कर्ष नावाचा प्रामाणिक मुलगा म्हणाला, “ते असतंच, बाई.”

अनसूयाबाईंनी निकालपत्र भैरवी मॅडमपुढे सरकवले. “कोणाची निष्पत्ती साध्य झाली, ते तुम्हीच लिहायचं.”

सर मॅडमच्या कानाशी आले. “सगळ्यांना साध्य लिहा. तुमची शिफारस या कागदावर आहे. उगा तुळजापूरची गाडी धरू नका.”

मॅडमनी पेन उघडले. घरी आईने कायम झाल्यावर करायच्या कुलधर्माची तयारीही ठरवून ठेवली होती. मग त्यांनी अलिजाच्या नावापुढे ‘साध्य’ लिहिले, आणि उरलेल्या सगळ्या वर्गापुढे ‘असाध्य’.

“अहो, हा निकाल आहे का अपघात?” सरांचा आवाज फुटला.

“जे दिसलं त्याची आकृती, असं लिहिलंय, सर. ती एकीनंच काढली.”

“तिला दिसलं काय? कुंकू!”

“तेच होतं तिथं.”

अनसूयाबाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. “नियमाप्रमाणे आठवडाभर उपचारात्मक अध्यापन. मग याच यंत्रावर फेरपडताळणी, मुख्याध्यापकांच्या समक्ष. तोपर्यंत मॅडमची शिफारस थांबेल.” दाराशी त्या वळल्या. “आणि सर, निकाल शंभर टक्के झाला नाही, तर कारण तुमच्या सहीनं लागेल. काय लिहायचं, ते ठरवून ठेवा.”

कृष्णराज सरांच्या दोन श्रद्धा होत्या: एक शास्त्रोक्त पूजेवर आणि दुसरी शंभर टक्के निकालावर. त्या आजवर कधी समोरासमोर आल्या नव्हत्या. सर रात्रभर तळमळले असावेत. पण विद्वत्ता अशाच वेळी उपयोगी पडते. सकाळी ते अक्षता घेऊन वर्गात आले, सूक्ष्मदर्शकापुढे उदबत्ती लावली, यंत्रावर अक्षता टाकल्या आणि ते जागेवरून किंचित हलवले. उत्तरपूजा झाली. आता ते केवळ यंत्र होते.

“पुसा,” ते मॅडमना म्हणाले. मग त्यांनाच राहवले नाही. कापूस आणि स्पिरिट घेऊन त्यांनी भिंग स्वतः पुसले, आरसाही पुसला, मॅडमनी दिलेली नव्या पापुद्र्याची काचपट्टी खाली सरकवली, आणि स्वच्छ झाले की नाही ते पाहण्यासाठी डोळा लावला.

ते बराच वेळ तसेच राहिले. महामार्गावरून एक ट्रक गेला.

“मॅडम, हे हलतंय!”

“ट्रक आहे, सर. थांबेल.”

“विटा रचल्यासारखं दिसतंय की हो. आणि प्रत्येकीत बारका ठिपका.” त्यांनी डोळा न काढता विचारले, “पण तो मधला भोपळा कुठं दिसत नाही?”

“तो छतातून गळला होता, सर.”

“सर, सरका की,” मागून माज म्हणाला, “आमचं असाध्य हाय.”

“थांब रे! माझं कुठं झालंय अजून?”

आठवडाभर यंत्र वर्गात राहिले. आकृत्या वेड्यावाकड्या आल्या, कुठल्याच दोन सारख्या नव्हत्या. माजने तर पापुद्र्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडाही काढला आणि त्याला बुडबुडाच म्हटले. फेरपडताळणीत मॅडमनी सर्वांपुढे ‘साध्य’ लिहिले.

संस्थेच्या कार्यालयात दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवण्यात आली. आकृत्या कोणी पाहिल्या नाहीत. वजाबाकी मात्र सर्वांनी केली. एका विद्यार्थिनीपासून संपूर्ण वर्गापर्यंत अवघ्या आठवड्यात झालेली ही प्रगती संस्थेच्या इतिहासात अपूर्व ठरली, आणि ‘निकाल उंचावण्यातील असाधारण कामगिरी’बद्दल भैरवी मॅडमची शिफारस एकमताने झाली. त्या कायम झाल्या. पुढील सत्राच्या आरंभी संस्थेच्या सर्व शाळांना परिपत्रक गेले: जीवशास्त्राच्या पहिल्या पडताळणीत, प्रगतीस पुरेसा वाव राहील अशा बेताने, विद्यार्थ्यांना असाध्य ठरवण्याची दक्षता घ्यावी. इतर शाळांनी त्याची तत्काळ अंमलबजावणी केली. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे कोणतीही अडचण आली नाही.